पोलिसांचं बोलणं ऐकणारा रेडिओ

परवा रिसोडच्या बाजारात एका शेतकरी गड्यानं मला अडवलं. "गुरुजी, पोलिसायचं बोलनं घरबसल्या आयकू येते म्हन्ते. तसा रेडिओ कोनता घ्यावा?" बिचाऱ्याचं सोयाबीन चोरीला गेलं होतं, प्रश्न काही हौसेचा नव्हता.

असं यंत्र आहे. त्याला स्कॅनर म्हणतात. ते एका लहरीवरून दुसरीवर झपाट्यानं उड्या मारतं आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतं. मात्र बोलणं सांकेतिक केलेलं असलं, की महागड्या स्कॅनरातूनही नुसती खरखर. शिवाय १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत, असं यंत्र बाळगायलाच सरकारची परवानगी लागते.

आणि समजा, ऐकू आलंच, तर काय? "दोन अनोळखी इसम, मंगरूळपीर रस्ता," एवढंच कानी पडायचं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेनं भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांचा जीव घेतला. ती अफवा मोबाइलवरची. अर्धवट ऐकलेलं बोलणं गावात याहून वेगळं काय करणार?

चोरीची खबर द्यायला ११२ क्रमांक आहे. लहरींचा नादच असेल, तर हौशी रेडिओची परीक्षा द्या. १२ वर्षांच्या मुलालाही ती देता येते, हे शिक्षकांनी वर्गात सांगावं. परवाना हाती आला, की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा संच निवडा.

गड्याला हेच सांगितलं. तो म्हणाला, "पन माह्या सोयाबीनचं काय?" मग मी त्याच्यासोबत ठाण्यात गेलो.