आधी कागद दाखवा, मग पाठिंबा मागा
(जळगाव-धुळ्याच्या युवक शिबिरातलं भाषण)



काल चर्चेत एका मित्रानं विचारलं, ‘अणुवीज हवी की नको, एका शब्दात सांग.’ एका शब्दात सांगायला मी निवडणुकीतला उमेदवार नाही. थोडं ऐकून घ्या.

आपली तापी बघा. हतनूरचं पाणी दीपनगरच्या औष्णिक केंद्राला जातं. पुढे ती शिरपूर, शिंदखेड्यावरून गुजरातेत शिरते आणि काकरापारला तिचंच पाणी अणुवीज केंद्राला लागतं. तिथं चार भट्ट्या आहेत, दोन २२० मेगावॅटच्या, दोन ७०० च्या. तेव्हा हा विषय मुंबई-दिल्लीच्या साहेबांचा नाही. तो आपल्याच नदीकाठी येऊन बसलाय.

वीज आपल्याला हवीच, हे आधी ठणकावून सांगतो. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाटबंधारे त्यांच्याकडे होते. स्वस्त, मुबलक वीज नाही तर उद्योग नाही आणि उद्योग नाही तर दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी. आपल्यासाठी तर ती गावगाड्यातूनही सुटका.

माझा बाप कंत्राटदाराच्या हाताखाली कोळशाची राख भरायचा. रात्री खोकत घरी यायचा आणि मायला विचारायचा, ‘लाईट उनी का?’ राख त्याच्या छातीत, आणि वस्तीत अंधार! म्हणून अणुभट्टीला धूर नाही, राख नाही, असं कुणी म्हटलं की मी ते हसण्यावारी नेत नाही. कोळशाच्या धुरानं जितकी माणसं मारली, तितकी अणुभट्ट्यांनी मारलेली नाहीत. हे सत्य आहे, आणि सत्याला भिणारा पोरगा चळवळीच्या कामाचा नाही.

पण दुसरं सत्यही ऐका. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ११ मार्च २०११ ला फुकुशिमा झालं. पुढच्याच महिन्यात जैतापूरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीनं माणूस मेला. बरोबर पाच वर्षांनी, ११ मार्च २०१६ ला, काकरापारच्या पहिल्या भट्टीत जड पाण्याची गळती होऊन ती बंद करावी लागली.

आणि आपल्या धुळे जिल्ह्यातलं विखरण? औष्णिक प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला मागत धर्मा पाटील खेटे घालत राहिले. शेवटी मंत्रालयात विष घेतलं. जानेवारी २०१८ मध्ये ते गेले. तो प्रकल्प अणूचा नव्हता, पण साहेबाचं टेबल तेच असतं. आणि त्यांच्याकडे निदान सातबारा होता! ज्याच्याकडे सातबाराच नाही, त्या शेतमजुराच्या नावानं चेक कोण फाडणार?

आज देशाच्या विजेत अणूचा वाटा सुमारे ३ टक्के. सरकारला २०४७ पर्यंत १०० गिगावॅट हवेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं कायदा बदलला आणि खासगी भांडवलाला दार उघडलं. दोस्तांनो, सरकारी केंद्रात आपल्या राखीव जागा आहेत. शेठच्या केंद्रात नाहीत. मग आपण आत जाणार कसे? इंजिनियर म्हणून, की गटारात उतरवतात तसे कंत्राटदाराच्या मस्टरवर?

म्हणून पाठिंब्याला अटी घाला. एक, जमीन घेण्याआधी गावाला विचारा, आणि त्या सभेत भूमिहीनही बसला पाहिजे. दोन, मोबदल्यात शेतमजुराचा आणि मच्छीमाराचा हिस्सा धरा. तीन, खासगी केंद्रातही राखीव जागा द्या. चार, अणुकामगाराला पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही किरणोत्सर्गाची मर्यादा आहे. तो हिशोब कंत्राटी मजुराच्या हातात द्या, त्याच्या भाषेत. पाच, केंद्राच्या तारा ज्या वस्तीवरून जातात, तिथं आधी बत्ती लावा.

ह्या पाच गोष्टी लिहून द्या, मी पाठिंब्याचा हात वर करतो. नाही दिल्या, तर ‘जनतेचा पाठिंबा आहे’ असं म्हणताना आम्हाला त्यात मोजू नका.

मित्रा, तू एक शब्द मागितला होतास. माझ्या बापानं न वाचता अंगठा दिला. मी वाचायला शिकलोय. आधी कागद दाखवा.

जय भीम!