चाळीतल्या सर्व्हरवर चालणारे पीएचपी
(मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर)



नोकरीत आपण जे सर्व्हर वापरतो त्यांच्या किल्ल्या बहुधा आपल्याकडेच असतात. गावाकडच्या वाचनालयाची वेबसाइट मात्र शेकडो भाडेकरूंच्या चाळीत राहते. तिथे खिळा ठोकायचा तरी मालकाची परवानगी लागते. 'एक्झेक' बंद, क्रॉन नाही, मेमरी मोजून-मापून. आपण हौसेने लिहून दिलेले सॉफ्टवेअर तिथे कोरे पान दाखवते, तेव्हा "होस्टिंग बदला" हे उत्तर मला पटत नाही. त्यांनी वर्षाचे पैसे आधीच भरलेले असतात.

वर्डप्रेसने ही चाळ ओळखली. कोणी पान उघडले की मुदत झालेली कामे तो उरकतो. (दिवसभर कोणी फिरकलेच नाही तर काम पडून राहते, पण मोडत नाही.) फाइल थेट लिहिता आली नाही तर एफटीपीचा पासवर्ड मागतो. पीएचपी 5.2.4 ही किमान अट त्याने 2011 पासून 2019 पर्यंत चालवली. हा संयम मला अतीच वाटतो, कारण पीएचपी 5.2 ची देखभाल 2011 मध्येच थांबली होती.

आपल्या कोडने आवृत्तीवरून अंदाज बांधू नये. हवे ते फंक्शन आहे का, हे 'फंक्शन एक्झिस्ट्स'ने विचारावे. मालकाने बंद केलेले असेल तर नकार मिळतो. मग दुसरी वाट धरावी, नाहीतर काय अडले ते स्पष्ट सांगावे. वेळेची मर्यादा मुळात 30 सेकंदांची, आणि ती वाढवू देतीलच असे नाही. हजारो सभासदांची यादी भरायची तर पन्नास-पन्नास नावे घ्या, कुठवर आलो ते डेटाबेसमध्ये नोंदवा, पुढच्या विनंतीला तिथून उचला.

आता आपला खास मराठी खड्डा. 'एमबीस्ट्रिंग' पीएचपीत आपोआप सुरू नसते, आणि साधे 'सबस्ट्र' अक्षरे नव्हे, बाइट मोजते. यूटीएफ-8 मध्ये 'मराठी' 15 बाइटचे. दहावर कापले की उरते 'मरा' आणि पुढे ठ ची चिंधी! हसू नका, तो तुकडा 'जेसन एन्कोड'ला दिला की मूळ सेटिंगमध्ये सगळाच मजकूर नाकारला जातो. एमबीस्ट्रिंग नसेल तिथे 'प्रेग' फंक्शनांना 'यू' ही खूण देऊन कापा. आणि चाचणीचे नमुने इंग्रजीत ठेवू नका, त्यात हा घोटाळा दिसतच नाही.