गाण्याचे वर्ष आणि त्याचा हिशेब

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘वर्षभरातील संगीत महोत्सव आणि सांस्कृतिक समारंभ’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हिवाळ्याचे चार महिने असावेत. आपल्या शहरांत गाण्याचा हंगाम म्हणजे दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचा काळ, अशी आपली समजूत आहे. या काळात मंडप पडतात, पुरस्कर्त्यांच्या पाट्या लागतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात आणि रसिकतेचा एक वार्षिक विधी यथासांग पार पडतो. या विधीविषयी मला अनादर नाही. परंतु महाराष्ट्र आणि गोमंतक यांच्या गाण्याचे वर्ष एवढेच नाही. ते वर्ष पंचांगाप्रमाणे चालते, चैत्रात सुरू होते आणि बारा महिने कोठे ना कोठे जागे असते. आज ते वर्ष आपल्यासमोर क्रमाने मांडावे आणि मग त्याचा थोडा हिशेब करावा, असा माझा मानस आहे.

चैत्रापासूनच आरंभ करू. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे कारभारी तेथे येतात, राहुटीत बसून बोलणी करतात आणि आपल्या जत्रेसाठी फडाची ‘सुपारी’ देतात. दसऱ्यानंतर कनात लावून तिकिटावर खेळ करीत फिरणारे हे फड वर्षाचे गणित जमवण्यासाठी प्रामुख्याने याच दीड-दोन महिन्यांच्या जत्रांवर अवलंबून असतात. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाला हे झाले रंगमंचावरचे. तंबू ठोकणारे, गाड्या हाकणारे, स्वयंपाक करणारे यांची गणती आपण करीतही नाही. कलावंत फडमालकाकडून हंगामापूर्वी ‘उचल’ घेतो. मालक तीच रक्कम बहुधा सावकाराकडून आणतो. म्हणजे पहिली गवळण उभी राहण्यापूर्वीच त्या गाण्यावर दोन कर्जे चढलेली असतात. २०२० आणि २०२१ ही लागोपाठ दोन वर्षे करोनाच्या साथीने जत्रा बुडाल्या, तेव्हा फड बंद राहिले. कर्जे मात्र बंद राहिली नाहीत.

त्याच चैत्र-वैशाखात १४ एप्रिल येतो. त्या दिवशी वस्त्यावस्त्यांतून जे गाणे उठते, त्याला आपल्या संगीतसमीक्षेत आजही पुरेशी जागा नाही. सत्यशोधक जलशांची परंपरा आंबेडकरी जलशांनी पुढे नेली. भीमराव कर्डकांच्या मंडळींनी ज्या काळात वाचता येणाऱ्यांची संख्या मूठभर होती त्या काळात चळवळीचा विचार ढोलकी-तुणतुण्यावर गावकुसाबाहेर नेला. पुढे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामन कर्डक यांनी अखेरपर्यंत तेच व्रत चालवले. सभेत जे पटवून सांगावे लागते ते गाण्यात आपोआप मुखोद्गत होते, हे या मंडळींनी ओळखले होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही तोच मार्ग धरला. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसे त्या मांडवाखालून आली, हे आपणांस ठाऊक आहेच.

ज्येष्ठ-आषाढात वारी निघते. शेकडो दिंड्या, प्रत्येक दिंडीचा विणेकरी, टाळकरी, पखवाजवाला, आणि वाटेवर सारखे चाललेले अभंग. हा सारा देशातील सर्वांत मोठा चालता संगीत महोत्सव आहे, आणि त्याला प्रवेशपत्रिका नाही. मात्र ज्या दारापर्यंत हे गाणे पोचत होते त्या दाराच्या आत सर्वांना जाता यावे, यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. गाणे सर्वांचे आणि गाभारा काहींचा, ही विसंगती त्यांना सोसली नाही. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या हिशेबात त्याची गरज लागणार आहे.

श्रावणात गोव्यात वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या आजाराच्या दिवसांत त्याचा प्रारंभ झाला असे मानतात. अखंड चोवीस तास भजन चालते. नाभिक, दैवज्ञ, बाजारकर अशा व्यवसायपरत्वे बांधलेल्या मंडळांचे ‘पार’ निघतात आणि त्यांच्या बैठकींत नामवंत गायक-वादक हजेरी लावतात. गाण्याचा खर्च तेथे बाजारपेठ आपल्या वर्गणीतून करते. भाद्रपदात गणपती येतात. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मेळ्यांनी एके काळी मराठी गाण्याला किती गायक-नट दिले, आणि त्याच मेळ्यांना उत्तर म्हणून छत्रपती मेळे कसे उभे राहिले, हा इतिहास वाचण्यासारखा आहे. उत्सवाच्या मांडवातही सामाजिक वाद गाण्यांतून खेळला गेला, आणि दोन्ही बाजूंना त्याचे श्रोते मिळाले.

दिवाळी सरली की राज्याच्या दोन टोकांना दोन रंगभूमी जाग्या होतात. पूर्वेला गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचे केंद्र. मंडईच्या निमित्ताने माहेरवाशिणी, पाहुणे गावात येतात आणि रात्री नाटक होते. दंडार आणि खडी गंमत यांच्या मुशीतून आलेली ही रंगभूमी धानाचे पीक हाती आल्यावर शेतकऱ्याच्या खिशावर जगते. तिचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातील अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द प्रथमच ऐकला. पश्चिमेला सिंधुदुर्गात देवळांच्या जत्रांतून दशावतार उभा राहतो. हार्मोनियम, मृदंग आणि झांज एवढीच साथ. लिखित संहिता नाही. संवाद नटाने जागच्या जागी रचायचे. दिवसा शेतात किंवा वाडीत राबणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावून राजा होतो आणि पहाटे दहीकाला झाला की पेटारा बांधून पुढच्या जत्रेच्या वाटेला लागतो.

यानंतर आपल्या परिचयाचे महोत्सव येतात. पणजीत कला अकादमीचा केसरबाई केरकर संगीत समारोह, पुण्यात डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सव. रामभाऊ कुंदगोळकर १९५२ साली वारले आणि १९५३ पासून भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव मांडला. २०११ साली भीमसेनजी गेल्यावर त्यांचेही नाव त्याला जोडले गेले. राजवाड्यांच्या दिवाणखान्यातले गाणे हजारो सामान्य माणसांनी मांडवात मांडी घालून ऐकावे, ही गोष्ट लहान नव्हे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्या प्रयत्नाला आलेले हे फळ आहे. केसरबाईंच्या नावाचा समारोह हीदेखील लहान गोष्ट नव्हे. ज्या कलावंत समाजात केसरबाई आणि मोगूबाई जन्मल्या, त्या समाजातील स्त्रियांच्या गळ्याचे कौतुक आणि जन्माची अवहेलना एकाच वेळी होत असे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानातून पृथ्वीवरचे निवडक संगीत अंतराळात पाठवले, त्यात केसरबाईंची भैरवी आहे.

आणि मिरज. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या दिवसांत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेब १९३७ साली वारले आणि तेथेच चिरविश्रांती घेत आहेत. कलावंत त्या सभेत ‘हजेरी’ लावतात. हा शब्दच बोलका आहे. त्याच उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा असतो. हिंदू-मुसलमान ऐक्यावर व्याख्याने देणाऱ्या आम्हा मंडळींनी त्या अंगणात एकदा मुकाट्याने बसून यावे.

मित्रहो, वर्ष मांडून झाले. आता हिशेब. पहिला प्रश्न पोटाचा. एकाच राज्यातील एका कलावंताला एका तासाचे मानधन लाखांत मिळते आणि दुसऱ्याला रात्रभर उभे राहून हजाराची नोट नीट दिसत नाही. कलेचे मोल सारखे असावे, असे मी म्हणत नाही. जगण्याची किमान शाश्वती सारखी असावी, एवढेच म्हणतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाले. अखेरचे दिवस मात्र त्यांनी हलाखीत काढले आणि २००२ साली त्या गेल्या. त्यानंतर त्यांच्या नावाने राज्याचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. मृत्यूनंतर नाव आणि जिवंतपणी उपेक्षा, ही आपली जुनी रीत आहे. वृद्ध कलावंतांचे शासकीय मानधन २०२४ साली दरमहा पाच हजार रुपये झाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु ते वृद्धापकाळाचे आहे. ऐन उमेदीत नाचणारीचा पाय मोडला, फडाची गाडी उलटली, तर त्या दिवशी कोण उभे राहते? येथे विमा आणि भविष्य निर्वाह निधी हवा, आणि उचलीसाठी सावकाराऐवजी सहकारी पतपुरवठा हवा. साखर आणि दूध यांचे सहकार उभारणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य असेल, असे मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न रात्रीचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद केले. आजाऱ्याची आणि अभ्यास करणाऱ्या मुलाची झोप मोलाची आहे. या नियमाला माझा विरोध नाही. परंतु त्याचा परिणाम नीट पाहू या. पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफली मांडवातून गेल्या; दरबारी, मालकंस आणि त्यांच्यामागून येणारा ललत त्या-त्या प्रहरी ऐकण्याची सवय एका पिढीने गमावली. महोत्सवांनी सकाळची सत्रे घेऊन थोडी भरपाई तरी केली. तमाशाला आणि दशावताराला ती सोय नाही. त्यांचा प्रेक्षक दिवसा शेतात असतो. याच नियमांत वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. ते दिवस ठरवताना शहरांतील मोठ्या उत्सवांचा आवाज प्रथम ऐकू येतो. जिल्ह्याजिल्ह्याने जत्रांचे दिवसही त्यात धरावेत, अशी मागणी ग्रामपंचायतींनी आणि आपण मिळून केली पाहिजे.

तिसरा प्रश्न मानाचा, आणि येथे मला पंढरपूरचा तो प्रसंग आठवतो. गाभाऱ्याचे दार उघडले. परंतु संस्कृतीच्या मांडवात अद्याप अदृश्य दारे आहेत. एकाला ‘पंडित’ म्हणायचे आणि दुसऱ्याला नावाने हाक मारायची. एकाच्या कार्यक्रमाला ‘समारोह’ आणि दुसऱ्याच्या कार्यक्रमाला ‘करमणूक’ म्हणायचे. या दारांना कुलूप नाही म्हणून ती दिसत नाहीत. मिरजेतच पाहा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला भोपळा त्यांच्या हाती आला आणि देशभरच्या मैफलींना आधारस्वर मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याला मानांकन मिळाले. आता ते घडवणाऱ्याचे नाव मैफलीच्या पत्रिकेत छापायला काय हरकत आहे?

माझ्या सूचना मोठ्या नाहीत. शासकीय पैसा घेणाऱ्या प्रत्येक महोत्सवाने एकूण मानधनाचा निश्चित हिस्सा लोककलावंतांसाठी ठेवावा आणि तो जाहीर करावा. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या जत्रांचे आणि कलापथकांचे वार्षिक पत्रक छापावे, म्हणजे शहरातल्या माणसाला पुण्याइतकाच वडशाचा रस्ता माहीत होईल. आणि आपण, जे फुकट प्रवेशिकांच्या शोधात असतो, त्यांनी वर्षातून एकदा तरी जत्रेतल्या कनातीत पदरचे तिकीट काढून बसावे. चैत्र जवळ आला आहे. नारायणगावात राहुट्या पडतील. या सभागृहातून तेथे जाणारी एस.टी. आहे.