जीव टांगणीला लागतो तेव्हा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



मनाच्या ताणाला आपल्या माणदेशी बोलीत दोन शब्द आहेत: धसका आणि घोर. बांधावर फणा काढलेला नाग दिसला की बसतो तो धसका. हस्त कोरडा गेला, शाळू पेरायला ओल नाही, सोसायटीचं कर्ज थकलंय, दावणीची खिलार जोडी उपाशी आहे, तेव्हा लागतो तो घोर. दोन्ही वेळी शरीरात धावणारी रसायनं बरीचशी तीच असतात. फरक मुदतीचा आहे. धसका जीव वाचवतो, घोर जीव पोखरतो. तो कसा पोखरतो, हे आपल्याला प्रयोगशाळेतल्या उंदरांनी शिकवलं.

१९३६ साली हान्स सेली या शास्त्रज्ञानं माँट्रियलहून एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यानं उंदरांना थंडीत ठेवलं, दमेपर्यंत पळवलं, विषारी द्रव्यं टोचली. त्रास वेगवेगळे, पण परिणाम एकसारखे. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, प्रतिकारशक्तीच्या ग्रंथी आक्रसलेल्या, जठरात व्रण. ‘स्ट्रेस’ या शब्दाला वैद्यकात आज जे स्थान आहे, ते पुढं सेलीमुळंच मिळालं.

या अधिवृक्क ग्रंथींतून माणसात कॉर्टिसॉल आणि उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन स्रवतं. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रूस मॅकइवेन यांनी दाखवलं की उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात हे संप्रेरक जाऊन बसतं. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी घडवणारा भाग. ताणाचं संप्रेरक पुरे झालं, आता थांबा, असा लगामही तोच खेचतो. घोर महिनोन्‌महिने चालला की या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात, लगाम सैल होतो आणि संप्रेरक आणखी वाहत राहतं.

आपल्या शेजारच्या बंगळुरूत सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेनं २००२ मध्ये पुढची गोष्ट दाखवली. उंदरांना रोज दोन तास, असं दहा दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखडल्या, पण भीतीचं ठाणं असलेल्या अमिग्डलात त्या उलट वाढल्या. नंतरच्या प्रयोगात एकवीस दिवस विसावा दिला तेव्हा हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डला मात्र तसाच राहिला. दुष्काळ सरल्यावरही माणसाच्या छातीतली धडधड का सरत नाही, याचा एक धागा मला इथं दिसतो.

आता माझ्या माउलींना ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. जुने शेंगदाणे खवट होतात, कारण त्यांतल्या तेलाला हवेतला प्राणवायू लागतो. मेंदूतही चरबी भरपूर आहे. वजनानं तो शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायू खातो सुमारे वीस टक्के. म्हणून खवट होण्याचा धोका त्याला फार. तो टाळायला शरीरानं राखणदार, म्हणजे अँटिऑक्सिडंट, ठेवलेत: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन. दीर्घकाळ ताण दिलेल्या उंदरांच्या मेंदूत अनेक प्रयोगांत ग्लुटाथायोन घटलेलं आणि मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेलं आढळलं. हे दुसरं द्रव्य म्हणजे खवटपणाचं मापच. सेरोटोनिन, डोपामाइन यांसारख्या निरोप्या रसायनांचीही घडी विस्कटते. अशा उंदरापुढं साखरेचं पाणी ठेवलं तरी त्याला त्याची पूर्वीसारखी ओढ राहत नाही. गोड गोड लागेनासं होणं, यालाच आपण ‘हाय खाल्ली’ म्हणतो.

पण ज्यासाठी मी इथं उभा राहिलो, तो प्रयोग वेगळाच आहे. १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. त्याच सुमारास अमेरिकेत जे वाइस नावाचे शास्त्रज्ञ उंदरांना विजेचे हलके झटके देत होते. दोन उंदरांना झटके सारखेच. एकाला आधी आवाजाची सूचना मिळे, दुसऱ्याला काहीच कळत नसे. सूचना मिळणाऱ्याला जठराचे व्रण कितीतरी कमी झाले. आणखी एका प्रयोगात एका उंदराला चाक फिरवून झटका थांबवता येई, दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हतं. झटके दोघांना तितकेच बसले. तरी हतबल उंदराच्या मेंदूतलं निरोप्या रसायन नॉरअ‍ॅड्रिनलिन घटलं, चाक फिरवणाऱ्याचं घटलं नाही.

मंडळी, कष्टांनी आपला दुष्काळी माणदेश कधी हरला नाही. इथला मेंढका पावसाळा सोडला तर पायाला भिंगरी लावून हिंडतो. माणसाला मोडते ती अनिश्चितता आणि हाती काहीच नसण्याची भावना. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, त्याचं दुःख पिंजऱ्यात मोजता येत नाही. तरीही ही खूण मी मोलाची मानतो.

म्हणून १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ मध्ये कायदा झालेली रोजगार हमी योजना मला पोटाइतकीच मेंदूचीही राखण वाटते. उद्या काम मिळेल ही हमी म्हणजे त्या उंदराला मिळालेली सूचना. आटपाडीच्या पाणी परिषदांत हक्काचं पाणी मागायला माणसं एकत्र आली, तेव्हा त्यांच्या हाती चाक आलं. २०१२-१३ मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी उभी राहिली. तिथं जनावरांना वैरण मिळाली आणि माणसांना माणसं मिळाली. सोबतीनं ताणाचं संप्रेरक उतरतं, हे उंदरांतही दिसलंय.

अँटिऑक्सिडंटच्या डब्यांना भुलू नका. पावडरीनं घोर जात नाही. भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, पुरेशी झोप आणि विश्वासाचं माणूस, एवढं तरी राखा. घरातला कोणी गप्प झाला, जेवणावरची वासना उडाली, झोप गेली, तर त्याला एकटं सोडू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. पाऊस आपल्या हातात नाही. शेजाऱ्याच्या दारी जाऊन ‘कसं चाललंय?’ एवढं विचारणं मात्र आपल्या हातात आहे. आज घरी जाताना एका दारी तरी थांबा.