ड्रोन वैमानिक : नवे क्षेत्र, नवी जबाबदारी

(सुवर्ण महोत्सवी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र शासनाचे ड्रोन नियम लागू झाले आणि हे क्षेत्र सर्वसामान्य तरुणांस खुले झाले. या नियमांनुसार दहावी उत्तीर्ण आणि 18 ते 65 वर्षे वयाची व्यक्ती मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळवू शकते. व्यवसायासाठी 250 ग्रॅमहून अधिक वजनाचे ड्रोन उडविण्यास ते आवश्यक असते. त्याची मुदत दहा वर्षांची असते.

मूलभूत प्रशिक्षण साधारणतः पाच-सात दिवसांचे असते. ‘एवढ्याने मुलगा कमावता होईल काय?’ असे पालक विचारतात. माझे उत्तर असे की, प्रमाणपत्र ही उड्डाणाची अनुमती आहे. उपजीविका मिळते ती त्या जोडीला असलेल्या विद्येमुळे.

आपल्या नाशिकचेच पाहा. गांधीनगरला लष्कराचे हवाई प्रशिक्षण केंद्र, देवळालीस तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, ओझरला विमानतळ व विमान कारखाना. म्हणून येथील वैमानिकाने प्रथम नकाशा वाचावयास शिकले पाहिजे. हिरव्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे 400 फुटांपर्यंत मुभा असते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रकाची, तर लाल क्षेत्रात केंद्र शासनाची अनुमती लागते.

दुसरे उदाहरण फवारणीचे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ड्रोनमुळे फवारणी करणारा विषारी तुषारांपासून दूर राहू शकतो, हा मोठाच लाभ होय. परंतु वाऱ्याची दिशा चुकली, तर तेच औषध शेजारच्या द्राक्षबागेवर, विहिरीत आणि मधमाश्यांवर जाऊन पडते. ज्यास पीक, औषधाची मात्रा आणि वारा समजतो, त्याच्याच हाती हे यंत्र शोभते. भूमापनाचेही तसेच. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांचे नकाशे तयार झाले. तेथे छायाचित्रांवरून अचूक मोजणी करणाऱ्यांची गरज भासते.

म्हणून पालकांना विनंती की, शुल्क भरण्यापूर्वी संस्थेचे नाव नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या यादीत आहे काय, हे अवश्य पाहावे. विद्यार्थ्यांनी कृषी, भूमापन वा यंत्रदुरुस्ती यांपैकी एक विद्या जोडीस घ्यावी. कन्यांनाही मागे ठेवू नये. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे लक्ष्य ठरविले गेले, ते उगाच नव्हे. विश्वस्तांनी होतकरू मुला-मुलींच्या शुल्कास हातभार लावावा, ही नम्र प्रार्थना.

यंत्र आकाशात असले, तरी चालकाचे भान जमिनीवरील प्रत्येक जिवाकडे असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!