मावशीची वही आणि पहिले चाळीस दिवस

जेवलात का? हा प्रश्न आज उगाच नाही विचारला, कारण आजचा भाग जेवणावरच आहे. पण फोटो काढायच्या जेवणावर नाही. पुणे-मुंबईत आलेलं पोरगं रोज दोन वेळ जिथं जेवतं, त्या गल्लीतल्या खानावळीवर.

मागच्या भागानंतर एकानं मेसेज केला, "दादा, पुण्यात स्वस्तात चांगलं कुठं खायचं ते सांग ना." यादी सांगता आली असती. पण मला आधी एक उधारी सांगायचीय. माझीच.

२०१६ ची गोष्ट. आयटीआय झालं आणि बीड जिल्ह्यातून मी रांजणगावला आलो. रांजणगाव म्हटलं की तुम्हाला अष्टविनायकांतला महागणपती आठवणार. बरोबरच आहे. पण पुणे-नगर रोडवर, पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवर, त्याच नावाचं दुसरं एक गाव आहे. एमआयडीसीचं. फ्रिज, वॉशिंग मशिन, गाड्या बनवणाऱ्या कंपन्या, तीन शिफ्ट आणि शेजारच्या कारेगावात दहा बाय दहाच्या खोल्या. एका खोलीत चार-पाच जण. मराठवाड्यातले, विदर्भातले, बिहारचे, यूपीचे. चतुर्थीला देवळाकडं गर्दी, आणि शिफ्ट सुटली की कारेगावात गर्दी. मोठं शहर अजून तासाभरावर असतं, पण शहरातलं जगणं इथूनच सुरू होतं.

आता गणित बघा. मी १ तारखेला कामावर लागलो. पहिला पगार कधी? महिना भरणार, मग पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला खात्यावर येणार. म्हणजे जवळपास चाळीस दिवस. घरून आणलेले पैसे खोलीच्या डिपॉझिटमध्ये गेले. मग चाळीस दिवस खायचं काय?

याचं उत्तर होतं मावशीची खानावळ. बाहेर पत्र्याची शेड, आत दोन लांब टेबलं, प्लास्टिकचे स्टूल. दोन वेळचे महिन्याला २,००० रुपये. तीन चपात्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, भात, वरण. बुधवारी बाजरीची भाकरी आणि शेंगोळी. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. मावशीनं नाव विचारलं, गाव विचारलं, कंपनी विचारली आणि दोनशे पानी वहीत एक पान माझ्या नावावर केलं. आधार कार्ड नाही, ओळख नाही, ॲडव्हान्स नाही. "पगार झाला की दे," एवढंच.

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आज वाटतं. कुठली बँक त्या पोराला २,००० रुपये देईल? आणि कुठलं ॲप म्हणेल, आत्ता जेव, पगार झाला की दे?

आणि हे आजचं नाही. मुंबईत गिरण्या होत्या तेव्हा गिरणगावात हेच चालायचं. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एका खोलीत दाटीवाटीनं राहायचे, आणि त्याच चाळीतली एखादी बाई त्यांना जेवण घालायची. पगार झाला की हिशोब. पण कामगारांना उधार खाऊ घालायला त्या बाईला किराणा भरावा लागायचा, आणि त्यासाठी ती सावकाराकडून जबर व्याजानं पैसे घ्यायची. म्हणजे कामगाराची उधारी व्याजाविना, आणि तिची उधारी व्याजासकट! प्रेमा पुरव यांनी हे ओळखलं. त्यांनी या बायकांना एकत्र केलं, बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा. पगार थांबले, पोरं गावी परतली. तेव्हा किती वह्यांमधली किती पानं तशीच राहिली असतील, विचार करा.

आता माझ्या पानाकडं येऊ.

मी कॉन्ट्रॅक्टवर होतो. सात महिन्यांनी ब्रेक मिळाला. ज्यांनी एमआयडीसीत काम केलंय त्यांना कळेल. शुक्रवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नको. शेवटचा पगार कॉन्ट्रॅक्टरकडं अडकला होता. मावशीच्या वहीत माझे दीड महिन्याचे ३,००० रुपये होते, खिशात सहाशे. मावशीला जाऊन सांगायला हवं होतं. मी काय केलं? शनिवारी पहाटे, खानावळ उघडायच्या आत, बॅग घेतली, नगर रोडवर आलो आणि एसटी पकडली. आदल्या रात्री जेवलो मात्र तिथंच. भाताला नाही म्हटलं नाही.

नंतर तो पगार आला. मी पैसे पाठवले नाहीत. आधी वाटलं, पुढच्या महिन्यात देऊ. मग वाटलं, आता कुठल्या तोंडानं फोन करू. मग वाटलं, ती विसरली असेल. मावशीचा एकदाही फोन आला नाही, आणि खरं सांगू, त्यामुळं जास्त त्रास झाला.

दोन वर्षं गेली. मी खराडीत नोकरीला लागलो. मित्रांबरोबर हॉटेलात बसायला लागलो. एकदा चौघांचं बिल आलं तीन हजारांच्या आसपास. एका रात्रीचं. मी तो आकडा बघत बसलो. हाच आकडा देणं जमत नाही म्हणून मी एका बाईचं तोंड चुकवत होतो.

पुढच्या संकष्टीला मित्र महागणपतीला निघाले, मीही गेलो. दर्शन झालं आणि त्यांना म्हटलं, मी येतो तासाभरात. कारेगावात शेड तीच होती, फक्त भिंतीवर पैसे भरायचा क्यूआर कोड लागला होता. मावशीनं ओळखलं. मी ५०० च्या सहा नोटा पुढं केल्या. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, पण काही बोलता आलं नाही.

तिनं पैसे घेतले नाहीत. आत गेली, जुनी वही काढली, पान शोधलं. म्हणाली, "दिवाळीला पाच दिवस घरी गेला होतास. खाडे कापायचे राहिलेत." दिवसाचे ६६, पाच दिवसांचे ३३०. तिनं २,६७० घेतले, मोजून ३३० परत दिले आणि माझ्या नावावर रेघ मारली.

म्हणजे मी पळून गेलो होतो, आणि ती माझे खाडे धरून बसली होती.

मी विचारलं, "मावशी, अशी किती नावं राहिलीत?" तिनं वही माझ्याकडं फिरवली. नुसत्या त्या महिन्यात सात. मग म्हटलं, "तरी उधार देता?" ती म्हणाली, "नाही दिलं तर नवा पोरगा पहिला महिना खाईल काय?"

तर मंडळी, "स्वस्तात चांगलं कुठं खायचं" याचं माझं उत्तर हे आहे. जिथं तुमच्या नावाचं पान आहे तिथं. आणि त्या पानाला जपा. गावी जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तिचा स्वयंपाक वाया जात नाही आणि तुमचा खाडा धरला जातो. पगार लांबला तर तोंड चुकवू नका, पाचशे का होईना द्या आणि तारीख सांगा. आता पगार वेळेवर होत असेल तर महिन्याच्या सुरुवातीलाच पैसे भरा. तुमच्या ॲडव्हान्समधून एखाद्या नव्या पोराचे चाळीस दिवस निघतात.

आणि कुणाचं पान अजून उघडं असेल, तर फोन करा. विसरली असेल असं समजू नका. वही असते तिच्याकडं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या खानावळीची गोष्ट मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, वेळेवर जेवा!