मसाल्याच्या पाकिटावरचा ‘ल’

विश्रामबागहून आम्ही बोलतोय.

दिवाळीआधी आमच्या गटानं कांदा-लसूण मसाल्यासाठी नवं लेबल छापून घेतलं. गडद लाल रंग, त्यावर काळी अक्षरं, अक्षरांना वेलबुट्टी आणि कडेनं मिरच्यांची चित्रं. दर कमी पडतो म्हणून एकदम हजार छापली. सगळ्यांना लेबल फार आवडलं.

प्रदर्शनात स्टॉलवर गटातल्या एक मावशी बसल्या होत्या. त्या पन्नाशीत वाचायला शिकल्या. गिऱ्हाइकानं विचारलं, “कोणता मसाला हा?” मावशींनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि आमच्याकडं बघितलं. संध्याकाळी हळूच म्हणाल्या, “विसरले बाई मी वाचायला.” आम्हाला फार लागलं ते.

रात्री पाकीट समोर ठेवून बसलो. पहिला दिसला तो ‘ल’. मावशी वर्गात शिकल्या तो ‘ल’ दोन पाकळ्यांचा. आमच्या लेबलावरचा उभ्या दांडीचा, हिंदी वळणाचा. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा, असा महाराष्ट्र शासनाचा 2009 सालचा निर्णय आहे. पण कॉम्प्युटरमध्ये अक्षरांचा जो साचा असेल, तसं छापून येतं आणि आपण बघतही नाही. त्यात ‘सू’चा ऊकार लाल रंगात बुडालेला. मावशी विसरल्या नव्हत्या, आम्हीच त्यांना वाचता येईल असं छापलं नव्हतं.

मग आठवडाभर आम्ही रोजच्या वस्तूंवरची अक्षरंच बघत हिंडलो. एसटीची पाटी घ्या. गावाचं नाव मोठं, ‘मार्गे’ लहान. धावत येणाऱ्या बाईला आधी गाडी कुठं जाते ते कळायला हवं. आपलं कालनिर्णय घ्या. जयंत साळगावकरांनी 1973 साली ते सुरू केलं. तारखेचा आकडा एवढा मोठा, की चुलीपासून दिसतो. रविवार आणि सुट्ट्या लाल. तिथी, नक्षत्र बारीक, कारण ते जवळ जाऊन बघायचं असतं. एकाच चौकटीत लांबून बघायचं आणि जवळून बघायचं वेगळं केलंय. शिवाय चौकटीत थोडी जागा उरते, तिथं आपण दुधाचा हिशेब लिहितो!

पाकिटावरची शाकाहाराची खूण म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा गोल. मांसाहाराला पूर्वी तपकिरी गोल असायचा, आता तपकिरी त्रिकोण असतो. ज्यांना हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत, त्यांना आकारावरून कळावं म्हणून. याउलट औषधाची स्ट्रिप बघा. मुदतीची तारीख चकचकीत पत्र्यावर बारीक उमटवलेली. सासूबाई ती खिडकीशी नेऊन तिरकी धरतात, तरी दिसत नाही. जे चुकलं तर जिवावर बेतेल, तेच सगळ्यात बारीक!

वेलबुट्टीची अक्षरं वाईट असं नाही. सांगली नाटकवाल्यांची. कमल शेडगे यांनी जाहिरातींसाठी काढलेली नाटकांची नावं पुष्कळांना आठवत असतील. नाटकाचा जसा स्वभाव, तसं अक्षर. पण ती काढणाऱ्याचा हात तयार होता. आमची वेलबुट्टी नुसती कॉम्प्युटरमधून उचललेली.

नवं लेबल करताना मधे पांढरी पट्टी ठेवली, तिच्यावर काळी ठसठशीत अक्षरं आणि पाकळीचा ‘ल’. छापणारे दादा म्हणाले, “ताई, एवढी जागा मोकळी जातीय, अजून दोन मिरच्या टाकू का?” म्हटलं, राहू द्या मोकळी. छापण्याआधी नमुना भिंतीला लावला आणि मावशींना चार पावलं लांब उभं केलं. “कांदा-लसूण मसाला,” त्यांनी सरळ वाचलं. “पण वजन कुठाय?” वजन तळाशी बारीक गेलं होतं. ते वर घेतलं. मगच छापायला दिलं, आणि या वेळी दोनशेच.

जुनी सहाशे लेबलं उरली होती. ती फेकायला जीव होईना. त्यांच्यावर पांढरी पट्टी चिकटवून वापरतोय. तारीख मात्र अजून पेननं लिहितो आणि तेलकट हात लागला की ती पुसते. रबरी शिक्का करून बघितला, प्लास्टिकवर तोही टिकत नाही. तुमच्या गटात कुणी यावर उपाय काढला असेल, तर आम्हाला जरूर कळवा.